सूर्याच्या भट्टीला कल्हई

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला फार चांगली समजायला नको. चितेगावला एका लहान कारखान्यात मी तपासणीचं काम करते. आमच्याकडं लोखंडाच्या वस्तूंवर सिरॅमिकचा, म्हणजे चिनीमातीच्या जातीचा, थर चढवून देतात. साखर कारखान्यातल्या पंपांचे भाग, कापड गिरणीचे रोल, कधी कुठला झिजलेला शाफ्ट. पांढरी पावडर एका गनमधून जाते, गनच्या तोंडाशी डोळे दिपवणारी ज्योत असते, त्या ज्योतीत पावडर वितळते, वस्तूवर जाऊन आदळते आणि तिथंच थिजते. असे थरावर थर बसत जातात. तो थर कुठं जाड झाला, कुठं पातळ झाला, कुठं सुटला, हे शोधायचं माझं काम. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि महिन्याला त्याचा पगार घ्यायचा. स्वभावाला इतकी साजेशी नोकरी सगळ्यांना मिळत नाही.

गारखेड्यातून स्कूटीवर निघायचं, पैठण रोडची धूळ खात कारखाना गाठायचा आणि पर्समधून डबा काढून आधी ओव्हनजवळ ठेवायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. डबा आमच्याकडं नवरा करतो. त्याची शाळा दुपारची, त्यामुळं सकाळचं स्वयंपाकघर त्याचं. माणूस गणित शिकवतो, पण तेलाच्या बाबतीत त्याला कसलंच प्रमाण कळत नाही. वांग्याच्या भाजीवर बोटभर तवंग नसेल तर त्याला ती आजाऱ्याची भाजी वाटते. असली भाजी गार खाववत नाही. आणि आमच्याकडं ओव्हन होता.

हा ओव्हन खरं तर पावडरीचा. पावडर दमट राहिली तर गनच्या नळीत अडकते, म्हणून फवारण्याआधी ती तासन्‌तास वाळवावी लागते. खालच्या कप्प्यात पावडरीचे उघडे ट्रे आणि वरच्या जाळीवर जेवणाआधी अर्धा तास माझा डबा, अशी सोय मीच लावली होती. नंतर आणखी दोघा-तिघांचे डबे तिथं जायला लागले. मला आपण लोकांच्या उपयोगी पडलो असं वाटायचं.

मामांचा डबा मात्र कधीच गेला नाही. मामा म्हणजे आमचे गन चालवणारे. मूळचे सोयगावकडचे, आता चितेगावातच घर करून राहिलेले. कारखाना सुरू झाला तेव्हापासून ती गन त्यांच्याच हातात. कानावर जाड मफ लावूनही त्यांना ज्योतीचा आवाज कळायचा. आवाज जरा फाटला की ते गन बंद करायचे आणि म्हणायचे, "तोंड झिजलं." उघडून बघावं तर खरंच झिजलेलं असायचं. दुपारी आम्ही दोघं स्टोअरशेजारच्या बाकड्यावर जेवायला बसायचो. मी वाफाळतं वांगं खायची आणि ते गार भाकरीवर ठेचा घेऊन बसायचे.

"मामा, ठेवत जा ना तुमचाही डबा," मी कितीदा तरी म्हटलं.

"नाय ताई, भाकरी गारच ब्येस लागती," ते म्हणायचे. मी ते त्यांच्या हट्टीपणाच्या खात्यात टाकलं होतं.

त्यांची आणखी एक खोड होती. थर चढवून वस्तू निवली की ते अंगठ्याचं नख तिच्यावरून अलगद ओढायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. नखाखाली कसा आवाज येतो त्यावरून थर कसा बसला ते सांगायचे. माझ्याकडं जाडी मोजायचं यंत्र होतं, मायक्रोस्कोप होता, डिप्लोमा होता. माझ्याआधी यांचं नख निकाल देतं हे मला आवडायचं नाही. पण पंपाच्या भागाला नख लागलं काय आणि न लागलं काय, म्हणून मी गप्प बसायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्हाला एक वेगळंच काम आलं. परराज्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेला स्टीलच्या छोट्या पाट्यांवर सिरॅमिकचा थर हवा होता. पाट्या तळहाताएवढ्या, संख्या आठ. तिथल्या एक डॉक्टर बाई मला फोनवर समजावून सांगत होत्या. सूर्यात जे चालतं तेच जमिनीवर करून वीज काढायची, अशा भट्टीवर जगभर खटपट सुरू आहे. हायड्रोजनच्या जातीचा वायू इतका तापवायचा की त्याचे कण एकमेकांत मिसळून नवा पदार्थ होईल आणि त्यातून उष्णता मिळेल. इतकं तापलेलं काहीही कुठल्याच भांड्यात मावणार नाही, म्हणून त्याला चुंबकांच्या जोरावर मधल्यामध्ये तोलून धरायचं. तरी भिंतीला त्याची झळ बसतेच. शिवाय हा वायू मोठा लबाड, तापलेल्या पोलादातूनही झिरपून बाहेर पडतो. म्हणून भिंतीला आतल्या अंगानं असा थर हवा, जो झळही सोसेल आणि वायूला वाटही देणार नाही. आमच्या पाट्या काही थेट त्या भट्टीत जाणार नव्हत्या. आधी चाचण्या, मग आणखी चाचण्या, आणि पुढचं पुढं.

आमचे मालक, ज्यांना आम्ही शेठ म्हणतो, ते हे ऐकून खुर्चीत मागं सरकले.

"मॅडम, अपना काम पंपाचं. हे सूर्याबिर्याचं लफडं कशाला गळ्यात घ्यायचं?"

"शेठ, थर तो थरच. मी बघते सगळं," मी म्हटलं.

बोलून तर गेले. मग मामांना समजवायला गेले. चुंबक, वायू, झिरपणं असं मी हातवारे करून पाऊण तास सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "म्हंजी कल्हईच की."

"कल्हई?"

"व्हय. पितळीच्या पातेल्यात आंबट ठुलं तर कळकतं. मंग आतून कल्हई करायची. आमच्या गावात कल्हईवाला यायचा, मी पोरपणी त्याचा भाता बघत बसायचो दिसभर. तुमच्या सूर्याच्या पातेल्याला आतून कल्हई पायजे, एवढंच ना?"

माझी पाऊण तासाची वाफ दवडली गेली होती, तरी मला मनापासून हसू आलं. डॉक्टर बाईंना फोनवर सांगितलं तर त्याही हसल्या आणि म्हणाल्या की असं सोपं त्यांना स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून कारखान्यात या कामाचं नाव कल्हईच पडलं.

मामांनी ते काम फार मनावर घेतलं. चार महिन्यांनी त्यांची नोकरी संपणार होती. इतकी वर्षं उसाच्या रसाच्या पंपांवर थर चढवले, आता जाता जाता हे आलं, असं त्यांनी दोन-तीनदा बोलून दाखवलं. घरी बायकोलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं की आपण सूर्याच्या भांड्याला कल्हई करतोय. ती बाई मला बाजारात भेटली तेव्हा खरं का म्हणून विचारत होती. मी हो म्हटलं.

प्रयोगशाळेच्या अटींचा कागद मी गनच्या खोलीत चिकटवला. त्यात पहिलीच अट अशी की पाट्या घासून स्वच्छ केल्यावर त्यांना उघडा हात लावायचा नाही. घामानं, तेलानं सगळं बिघडतं. मामांना मी हातमोजे दिले आणि वर दमही दिला. आठ पाट्या फवारून झाल्या. पांढऱ्याशुभ्र, खडूसारख्या दिसत होत्या. मी वही घेऊन आत गेले तेव्हा मामांनी उजव्या हातातला मोजा काढला होता आणि एका पाटीवर नख टेकवलं होतं.

"मामा!" मी अशी ओरडले की बाहेर पॅकिंगवाल्याच्या हातातली टेप पडली.

त्यांनी हात मागं घेतला आणि ओशाळून मोजा चढवला. पाट्या प्रयोगशाळेला गेल्या.

तीन आठवड्यांनी मेल आला. सोबत फोटो. पांढऱ्या थरात बारीक काळे ठिपके, एका पाटीत नव्हे, आठही पाट्यांत. थरात कार्बन आहे, हा लॉट चालणार नाही, आणखी एक संधी देतो, पण कारण शोधून लेखी कळवा, असं डॉक्टर बाईंनी लिहिलं होतं. परत आलेल्या पाट्यांची पेटीही मागोमाग पोचली. "मी बघते सगळं" हे माझेच शब्द होते आणि शेठना ते चांगले लक्षात होते.

मी कारण शोधलं नाही. माझ्याकडं ते तयारच होतं. संध्याकाळच्या आत मी अहवाल लिहून शेठच्या टेबलावर ठेवला: फवारणाऱ्यानं उघड्या हातानं स्पर्श केल्यामुळं थर दूषित झाला. मी एका पाटीवर हात बघितला होता आणि ठिपके आठांवर होते, एवढा साधा हिशोब मी केला नाही. राग आला की मला पाढेही आठवत नाहीत.

शेठनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. मी शेजारी उभी होते. मीच त्यांना सांगितलं की तुमच्या हातामुळं हे झालं, आता दुसरा लॉट फवारायला पुण्याहून माणूस येणार आहे, तुम्ही तोवर पंपाचं काम बघा. मामांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"बरं मॅडम," ते म्हणाले आणि गेले.

ते मला मॅडम कधी म्हणत नसत. शेठसमोर म्हणाले असतील म्हणून मी सोडून दिलं, पण दुसऱ्या दिवशी बाकड्यावर ते जेवायलाच आले नाहीत. गनच्या खोलीमागं पत्र्याच्या सावलीत एकटे बसले होते. मी पाण्याची बाटली न्यायच्या निमित्तानं तिकडं गेले तर उठून म्हणाले, "या मॅडम." मला बाटली घेऊन परत यावं लागलं. तो सगळा आठवडा मला वांगं गोड लागलं नाही, आणि मला वाईट वाटतंय हे कळू नये म्हणून मी सगळ्यांवर जास्तच डाफरत होते.

पुण्याचा माणूस शनिवारी यायचा होता. मधे शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी, म्हणून गुरुवारी मी अहवालाला जोडायला फोटो काढायचे ठरवले. एक पाटी आडवी कापली, काप घासून गुळगुळीत केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. ठिपके वर असायला हवे होते, जिथं अंगठा टेकला असेल तिथं. ते वर होतेच, पण मधेही होते आणि अगदी तळाशी स्टीलला चिकटूनही होते. थर चढत असतानाच ते आत बसत गेले होते. माणसाचं नख काही थराच्या तळाशी पोचत नाही.

मी दुसरी पाटी कापली. तेच.

मग गनमधून आत गेलेली गोष्ट एकच उरली, पावडर. पाट्या फवारल्या त्या दिवशीची उरलेली पावडर बरणीत बंद होती. चाळणीत ओतली तर बारीक पिवळट गुठळ्या वर राहिल्या. एक गुठळी चिमटीत धरून मी नाकाशी नेली आणि मला आमचं गारखेड्याचं स्वयंपाकघर आठवलं. लसूण होता त्यात. जळका, पण लसूणच.

मी तशीच ओव्हनकडं गेले. साडेबारा वाजले होते. दार उघडलं तर वरच्या जाळीवर माझा डबा होता, त्याच्या झाकणाच्या कडेनं रस्सा बुडबुडत होता आणि एक पिवळा थेंब डब्याच्या बुडाला लोंबकळत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो खालच्या ट्रेच्या काठावर पडला. त्या काठावर आधीचे वाळलेले ओघळ होते, कितीतरी दिवसांचे.

पंपांच्या थरात असे ठिपके वर्षानुवर्षं जात असतील आणि उसाच्या रसाला त्याचं काही सोयरसुतक नसेल. सूर्याची गोष्ट वेगळी होती.

आता जे लिहिते त्याची मला लाज वाटते. ओव्हनचं दार लावून मी तिथंच स्टुलावर बसले आणि चांगला अर्धा तास विचार केला. ओव्हन गुपचूप धुतला, डबे ठेवणं बंद केलं, नवी पावडर काढली, तर पुण्याच्या माणसाचा लॉट स्वच्छ निघेल. अहवाल खरा ठरेल. कुणाला काही कळणार नाही. मामांना तीनच महिने राहिलेत, ते काय पंपाचं काम करत निघून जातील आणि घरी बायकोला सांगतील की कल्हई आपल्या हातून बिघडली. इथवर आले आणि मला तो विचार पुढं नेववेना. बाजारात तिला हो म्हणणारी मीच होते.

मी कापडानं डबा धरला आणि तसाच शेठच्या केबिनमध्ये नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" शेठ म्हणाले.

"कार्बन," मी म्हटलं. "माझ्या घरचा आहे. मामांचा हात नव्हता, शेठ. मी अहवाल खोटा लिहिलाय."

सगळं सांगून झाल्यावर शेठनी झाकण उघडून आत डोकावलं. "या अल्ला, इतकं तेल!" असं काहीसं पुटपुटले. आधी त्यांना हसू आलं आणि मग ते व्यवस्थित चिडले. पुढची दहा मिनिटं मी जे ऐकलं ते मला ऐकून घ्यायलाच हवं होतं. पण शेवटी त्यांनी माझ्यासमोर पुण्याला फोन लावला आणि माणूस पाठवू नका म्हणून सांगितलं.

मामा गनचं तोंड पुसत बसले होते. शनिवारी ती गन पुण्याच्या माणसाच्या हातात जायची होती, तरी पुसत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वांग्यासकट. त्यांनी फडकं घडी करून ठेवलं.

"ठिपक्यांचं ऐकलं तवाच मला उमगलं," ते म्हणाले. "ट्रे काढताना वास यायचा. पावडरीशेजारी अन्न मी म्हनूनच ठुलं नाय कधी."

मला एकदम संताप आला. स्वतःचा की त्यांचा, कोण जाणे. "मग त्या दिवशी केबिनमध्ये बोलला का नाही तुम्ही? एवढं सगळं अंगावर घेतलं ते!"

"तुमी मला इचारलं नाय मॅडम," मामा शांतपणे म्हणाले. "तुमी मला सांगितलं."

इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखालून आलेली प्रत्येक वस्तू मोजली होती, आणि त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की ही कशी झाली. नख ओढून ते सांगायचे तेही मी ऐकलं नव्हतं, फक्त सहन केलं होतं. मी माफी मागितली. ती मला नीट मागता येत नाही, सवय नाही. मामा म्हणाले, "जाऊ द्या. आधी ओव्हन धुवा." मी बाह्या सरसावून ओव्हन धुतला. मामा दारात उभे राहून कुठं राहिलं ते दाखवत होते. पहिल्यांदाच माझ्या कामाची तपासणी होत होती आणि तपासणारा माझ्याहून कडक होता.

प्रयोगशाळेला मी खरं कारण कळवलं. वांगं लिहिलं नाही, "वाळवणीच्या ओव्हनमध्ये खाद्यतेल" असं लिहिलं. डॉक्टर बाईंचा लगेच फोन आला आणि त्यांनी भाजी कुठली होती तेवढंच विचारलं. शेठनी दुसऱ्याच आठवड्यात जेवणाच्या बाकड्याशेजारी एक शेगडी बसवली. नवऱ्यानं मात्र तेल कमी केलं नाही. त्याचं म्हणणं, दोष ओव्हनचा होता.

दुसरा लॉट फवारायला मामा उभे राहिले तो दिवस माझ्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे. नवी पावडर, धुतलेले ट्रे, दोन्ही हातांत मोजे. काचेपलीकडं ज्योत पेटली आणि मी मफ लावून त्यांच्याकडं बघत उभी राहिले. आठ पाट्या प्रयोगशाळेच्या आणि एक जास्तीची, आमच्याकडं ठेवायची. आठ पाट्या मी चिमट्यानं उचलून पिशव्यांत बंद केल्या. त्या पुढं पसंत झाल्या, त्यांच्या चाचण्या अजून चालू आहेत. मामा रिटायर झाले तरी शेठ त्यांना कल्हईच्या कामापुरतं बोलावून घेतात आणि तेही धुतलेला शर्ट घालून येतात.

पण मला आठवते ती नववी पाटी. ती निवल्यावर मी मामांपुढं धरली.

"मोजा काढा, मामा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, अटींच्या कागदाकडं बघितलं. "काढू?"

"ही आपली आहे. काढा. आणि मला सांगा, कशी आली?"

मामांनी मोजा काढून खिशात ठेवला. अंगठ्याचं नख पाटीवर टेकवलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अलगद ओढलं. मान तिरकी केली. पुन्हा एकदा ओढलं. यंत्र मी मुद्दाम टेबलावरच ठेवलं होतं, मला ते कठीण जात होतं.

"चांगली आली," ते म्हणाले. "फकस्त डाव्या कोपऱ्याला जराशी जाड हाय, ताई."

मी यंत्र लावलं. डाव्या कोपऱ्यात केसभर जाड होती, चालण्यासारखी. मी वहीत आधी त्यांचं म्हणणं लिहिलं आणि मग त्याच्याखाली माझा आकडा.